कागदाची गोधडी

रमजानचे दहा रोजे होईतो घरात किती कागद जमा होतो, हे एकदा मोजून बघा. खजुराचे खोके, शेवयांची पाकिटं, सहेरी-इफ्तारच्या वेळांचं छापील वेळापत्रक, दुकानांच्या जाहिराती आणि लग्नाच्या पत्रिका. शेजारच्या हिंदू घरातही असाच ढीग असतो, फक्त खजुराच्या जागी मिठाईचे खोके. ईद झाली की पहिल्या साफसफाईत सगळं रद्दीवाल्याच्या काट्यावर जातं.

याच कागदातून एक सुंदर वही होऊ शकते. मोठ्या शहरांतली मुलं हल्ली तिला ‘आर्ट जर्नल’ म्हणतात. एका पानावर थोडा रंग, चिकटवलेलं एखादं तिकीट, कापडाची चिंधी, दोऱ्याचे दोन टाके आणि बाजूला स्वतःच्या अक्षरात चार ओळी. अनेक वस्तू एकत्र येतात म्हणून ‘मिक्स्ड मीडिया’. त्यासाठी तयार साहित्याचे संच ऑनलाइन मिळतात. आपल्या केळापूर-पांढरकवड्यात त्याची गरज नाही. लागेल ते बहुतेक घरातच पडलेलं असतं.

नाव नवं, वही जुनी

हा छंद बाहेरून आला असं वाटतं, पण जुन्या मुस्लिम घरांत ‘बयाज’ नावाची वही असायची. शब्दाचा मूळ अर्थ पांढरेपणा, म्हणजे कोरी पानं. आवडलेले शेर, दुआ, घरगुती औषधं, शीरखुर्म्याचं प्रमाण, मुलांच्या जन्मतारखा असं सगळं त्यात उतरवलं जाई. बादशाही घरांत याच हौसेचा थाट मोठा होता. चित्रं, सुलेखनाचे तुकडे आणि रंगवलेले समास एकत्र चिकटवून जो संग्रह व्हायचा, त्याला ‘मुरक्का’ म्हणत. जहांगीराच्या गुलशन मुरक्क्यात युरोपातून आलेली छापील चित्रंसुद्धा डकवलेली आहेत. त्याची बरीचशी पानं आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहेत.

मुरक्का या अरबी शब्दाचा अर्थ ‘ठिगळं जोडून केलेला’. सूफी फकिरांच्या ठिगळांच्या अंगरख्यालाही याच धातूवरून आलेलं नाव आहे. मराठीत सांगायचं तर ही गोधडीच. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून आजी ऊब शिवायची, तसंच हे कागदाचं काम आहे.

कागदाशी आपलं नातं भाषेतही दिसतं. कागद, कलम, शाई, दौत, दप्तर, दस्ता हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि मराठी झाले. शाळेत जाणाऱ्या कोणत्याही मुलाला ते परके वाटत नाहीत. आपल्या राज्यातच दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा गाव लागतं. मुहम्मद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हापासून तिथे हातकागद होऊ लागला असं परंपरेने सांगतात. जुन्या कापडाच्या चिंध्या कुजवून, कुटून, त्यांचा लगदा चाळणीवर उचलायचा, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. पुढे गिरणीचा कागद आला आणि हे काम करणारे हात कमी होत गेले. शेजारच्या वर्ध्यात मगनवाडीला १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, तेव्हा गांधीजी आणि जे. सी. कुमारप्पा यांनी हातकागदाला पुन्हा बळ दिलं.

चिंध्यांचा कागद म्हणजे मुळात कापूस. आपल्या पऱ्हाटीचंच ते दुसरं रूप. म्हणूनच शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्या आणि कुराणाच्या प्रती अजून टिकून आहेत. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निनमुळे तो उन्हात काही दिवसांतच पिवळा पडतो. वही करायची तर पानं चित्रकलेच्या जाड कागदाची घ्या, वर्तमानपत्राची कात्रणं वरून लावा.

वही करायची कशी

आठ मोठे कागद एकत्र मधोमध दुमडले की बत्तीस पानं होतात. तीस रोज्यांची तीस, एक आधी आणि एक ईदसाठी. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडायची आणि जाड दोऱ्याने शिवायचं. पुठ्ठा खजुराच्या खोक्याचा. तो मजबूत हवा असेल तर तीन-चार कागद खळीने एकावर एक चिकटवून तांदळाच्या डब्याखाली रात्रभर दाबून ठेवायचे. लघुचित्रं काढण्यासाठी पूर्वी ‘वसली’ अशीच करत.

खळ घरची. दोन चमचे मैदा एक वाटी पाण्यात कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळायचा. दोन-तीन दिवसांत ती आंबते, म्हणून थोडीच करायची. जुने जिल्दसाज किडीसाठी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर अजिबात नको.

रंगही विकत आणायला नकोत. फाल्गुनात बांधावर पळस फुललेला आहे. गळालेली फुलं पाण्यात उकळून त्यात चिमूटभर तुरटी टाकली की सुरेख पिवळा उतरतो. टिपेश्वरच्या अभयारण्यातून मात्र फूल उचलायचं नाही. चहाच्या पाण्याने पान जुनं दिसतं. हळद छान रंगते, पण उजेडात उडून जाते. ढगांसारखी नक्षी हवी असेल तर जुन्या ताटात पाणी घेऊन त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या तैलरंगाचे थेंब सोडा, काडीने हलकेच फिरवा आणि कागद टेकवून उचला. हे काम खिडकी उघडी ठेवून, मोठ्या माणसासमोरच करायचं. सतराव्या शतकात आदिलशाही विजापूरचे कलावंत पाण्यावर रंग तरंगवूनच ‘अब्री’ कागद करत. अब्र म्हणजे ढग.

असरच्या नमाजनंतर मगरिबची अजान होईपर्यंतचा वेळ रोजेदार मुलांना सगळ्यात लांब वाटतो. अम्मी स्वयंपाकघरात असते आणि मुलं दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतात. रोज एक पान करायला ही वेळ उत्तम.

काय कापायचं नाही

इथे दोन्ही घरांचे संस्कार सारखे आहेत. कागदाला पाय लागला तर तो उचलून कपाळाला लावायचा, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. पत्रिकेवर कुठे गणपती असतो, कुठे बिस्मिल्लाह किंवा ७८६. कात्री हातात घेण्याआधी असे भाग बाजूला काढा. मुस्लिम घरांत जुने पवित्र कागद स्वच्छ जागी पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. हिंदू घरांत देवाच्या चित्रांचं विसर्जन होतं. शेजाऱ्याकडून पत्रिका मागून आणली असेल तर त्याच्या देवाचं चित्र तुमच्या मुलानेही जपून परत द्यावं. एवढं त्याला जमलं तरी महिन्याचं मोठं शिक्षण झालं.

वाचणारं माणूस आहे तोवर

माझ्या मते या वहीचं खरं काम पुढे आहे. आमच्या नानीची बयाज उर्दूत आहे. माझी भाची मराठी शाळेत शिकते. तिच्यासाठी ती अक्षरं म्हणजे नक्षी. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत हेच झालं आहे. हिंदू घरांतही वेगळं नाही. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत चालणारी मोडी लिपी आता किती जणांना वाचता येते? पणजोबांचे कागद ट्रंकेत असतात आणि त्यात शेताचा हिशोब आहे की पत्र, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून यंदा एक करा. घरात उर्दू वाचणारी दादी, नाना, मोठी खाला असतील तर त्यांना जवळ बसवा. जुन्या पानाची झेरॉक्स काढून ती वहीत डावीकडे चिकटवा. मूळ पानाला खळ नको, सेलोटेप तर नकोच; तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून अक्षरंही डागाळतो. उजव्या पानावर त्या वाचतील तसं मुलांनी देवनागरीत लिहावं. शीरखुर्म्याला किती दूध, कोणाचा जन्म कोणत्या चंद्राला, कोणत्या वर्षी विहीर आटली. मोडी जाणणारे एखादे गुरुजी गावात असतील तर शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे जावं. मोबाइलमध्ये फोटो काढला की काम झालं असं वाटतं, पण फोटोत न वाचता येणारं अक्षर न वाचता येणारंच राहतं.

कुराणाचं अवतरण याच महिन्यात सुरू झालं आणि त्यातल्या अडुसष्टाव्या सूरहचं नावच ‘अल-कलम’ आहे. लिहून ठेवण्याचा मान आपल्याकडे इतका मोठा आहे.

बत्तीस पानांतून उरलेल्या कागदाची ईदकार्डं करा. पूर्वी ती टपालाने यायची, आता त्यांची जागा मोबाइलवरच्या शुभेच्छांनी घेतली. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि ईद ३१ला. दोन सण इतके शेजारी आले की एकाच बैठकीत दोन्हीकडची कार्डं होतात. पळसाच्या पिवळ्यात रंगवलेल्या कार्डावर आपल्या हाताने नाव लिहा आणि ते पोरांच्या हाती पलीकडच्या दारात पाठवा.