आंबट दूध रक्तदाब उतरवते का?

जेवणानंतर पेलाभर ताक घेऊन "आता माझं बी.पी. कशाला वाढतंय!" असे म्हणणारे कुणीतरी बहुतेक घरांत असतेच. त्यात बिघडत काहीच नाही. पण 'आंबवलेल्या दुधाने रक्तदाब उतरतो' असे कुठेतरी वाचून तीच व्यक्ती रोजची गोळी परस्पर बंद करते, तेव्हा मात्र घरच्यांनी सावध व्हायला हवे. गंमत अशी, की ही समजूत अगदीच निराधार नाही. तिच्यामागे खरेखुरे संशोधन आहे. ते नेमके काय सांगते, हे समजून घेणे म्हणूनच महत्त्वाचे.

नावात संस्कृत, पेय जपानी

या कथेची सुरुवात होते जपानमध्ये. एका बौद्ध मंदिराच्या घराण्यात जन्मलेले काइउन मिशिमा विसाव्या शतकाच्या आरंभी मंगोलियाच्या भागात गेले होते. तिथल्या भटक्या लोकांचे आंबट दूध पिऊन आपली प्रकृती सुधारली, असा त्यांचा अनुभव होता. मायदेशी परतल्यावर १९१९ मध्ये त्यांनी 'कॅल्पिस' नावाचे आंबवलेल्या दुधाचे पेय बाजारात आणले. यातले 'कॅल' कॅल्शियमचे, तर 'पिस' चक्क संस्कृत 'सर्पिस्'मधले. सर्पिस् म्हणजे आपले तूप!

पुढे १९९५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी अशा आंबट दुधातून दोन अतिसूक्ष्म घटक वेगळे काढले. शास्त्रीय भाषेत त्यांना पेप्टाइड म्हणतात.

माळेचे तुकडे

दुधातले प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची लांबलचक माळ. दूध आंबताना जीवाणू ही माळ ठिकठिकाणी तोडतात. 'लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस' हा जीवाणू या कामात विशेष पटाईत. त्याने तोडलेल्या तुकड्यांपैकी दोन तुकडे अवघ्या तीन-तीन मण्यांचे आहेत. शास्त्रज्ञांचे लक्ष गेले ते यांच्याकडेच.

आपल्या शरीरात 'एसीई' नावाचे एक विकर असते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करणारे द्रव्य तयार करते. वाहिन्या आवळल्या, की रक्ताचा दाब वाढतो. हे दोन तुकडे प्रयोगशाळेत त्या विकराला अडवतात, असे दिसून आले. रक्तदाबावरची काही औषधेही नेमके हेच काम करतात. घरातल्या औषधाच्या पाकिटावर एनालाप्रिल, रामिप्रिल अशी 'प्रिल'ने संपणारी नावे तुम्ही पाहिली असतील, तीच ही औषधे. मात्र दुधातल्या तुकड्यांची ताकद त्यांच्या मानाने फारच कमी आहे.

माणसांवर काय दिसले?

१९९६ मध्ये जपानमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्च रक्तदाब असलेल्या ३० वृद्धांपैकी काहींना रोज ९५ मिलिलिटर आंबवलेले दूध, तर बाकीच्यांना कृत्रिमरीत्या आंबट केलेले दूध दिले गेले. आठ आठवड्यांनंतर पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी १४ ने उतरला होता. २००३ मध्ये फिनलंडमधील ३९ जणांच्या चाचणीतही फरक दिसला. तिथे २१ आठवडे रोज १५० मिलिलिटर दूध दिले होते आणि वरच्या आकड्यातील फरक सुमारे ७ चा होता.

पण २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये १३५ जणांना हेच पेप्टाइड आठ आठवडे देऊन पाहिले, तेव्हा काहीच परिणाम आढळला नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी १५ चाचण्या एकत्र तपासल्या. वरच्या आकड्यात जेमतेम अडीचचा फरक निघाला, खालच्या आकड्यात दखल घेण्यासारखा नाहीच. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही या दाव्याला पुरेसा पुरावा नसल्याचे मत दिले.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९९६ च्या त्या गाजलेल्या चाचणीतील बहुतेक वृद्धांची रक्तदाबाची औषधे चालूच होती. दूध गोळीऐवजी नव्हते, गोळीच्या जोडीला होते.

आपल्या घरचे दही-ताक

मग घरच्या दह्यात हे गुण असतील का? या चाचण्यांतील दूध निवडक जीवाणू वापरून तयार केलेले होते. आपले विरजण घरागणिक, ऋतुगणिक बदलते. त्यात कोणते जीवाणू किती आणि ते प्रथिने कितपत तोडतात, हे सांगता येत नाही. त्यामुळे त्या चाचण्यांचे आकडे आपल्या वाटीतल्या दह्याला लावणे योग्य नव्हे.

म्हणून दही-ताक सोडायचे का? मुळीच नाही. प्रथिने आणि कॅल्शियम देणारा हा उत्तम आहार आहे. फक्त काही गोष्टी ध्यानात ठेवा :

• ताकात सवयीने मीठ घालू नका. दिवसभराचे सगळे मिळून मीठ ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे छोट्या चमचाभरापेक्षा कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचे आणि पापडही याच हिशेबात येतात. चवीसाठी जिरेपूड, आले, कोथिंबीर आहेतच.

• विकतच्या मसाला ताकाच्या वेष्टनावर सोडियमचे प्रमाण वाचा.

• मूत्रपिंडाचा विकार असल्यास दही-ताक किती घ्यावे, हे डॉक्टरांना विचारा.

• आकडा उतरलेला दिसला तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. बहुधा तो गोळीमुळेच उतरलेला असतो.

उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढत राहतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांवर घाला घालतो. म्हणूनच 'मला काही त्रास होत नाही' हा गोळी सोडण्याचा आधार होऊ शकत नाही. घरातल्या ज्येष्ठांना दुपारी ताकाचा पेला जरूर द्या. तो देताना एवढेच विचारा, "आजची गोळी घेतलीत ना?"