विकत घेतलेले यंत्र आणि सॉफ्टवेअरवरील बंधने : पेण व रोहा यांच्या संदर्भात

यंत्राची किंमत चुकती केली म्हणजे ते सर्वस्वी आपले झाले, ही समजूत आता पुरेशी राहिलेली नाही. संगणकजालाचा राउटर, छपाईयंत्र किंवा कारखान्यातील नियंत्रक घ्या. त्यांतील वस्तू विकली जाते, तीस चालविणाऱ्या सॉफ्टवेअरचा मात्र केवळ वापर-परवाना मिळतो. त्याची सुधारित आवृत्ती अनेक उत्पादक, त्या यंत्राच्या क्रमांकावर सशुल्क देखभाल-करार चालू असेल तरच देतात. उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी नसलेली आवृत्ती अशी यंत्रे बहुधा स्वीकारीत नाहीत. त्यामुळे ती अन्यत्र मिळविण्याचा मार्गही खुंटतो. करार मध्यंतरी खंडित झाल्यास मागील काळाचे शुल्क भरल्यावाचून तो पुन्हा सुरू न करण्याची प्रथाही आढळते. जी सेवा घेतलीच नाही तिचेही मोल द्यावयाचे!

नव्या सोयींसाठी निराळे पैसे मागण्यात अन्याय नाही. विक्रीच्या दिवशीच यंत्रात असलेला सुरक्षाविषयक दोष दूर करण्यासाठी पैसे मागणे ही गोष्ट अगदी वेगळी आहे. युरोपीय संघाच्या २०१९/७७१ क्रमांकाच्या निर्देशाने, ग्राहकास वाजवी मुदतीपर्यंत सुरक्षा-सुधारणा पुरविण्याचे दायित्व विक्रेत्यावर टाकले आहे. भारतीय ग्राहक कायद्यात असे स्वतंत्र कलम नाही. येथे करार अनुचित आहे की नाही, या प्रश्नाआधी खरेदीदार कोण, हा प्रश्न उभा राहतो.

तो स्पष्ट होण्यासाठी रायगड जिल्ह्यातीलच दोन गावे घेऊ. पेणमध्ये गणेशमूर्तींचे कारखाने आहेत; रोह्यानजीक धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक उद्योग आहेत. समजा, पेणच्या एका मूर्तिकाराने आणि धाटावच्या एका कंपनीने एकाच बनावटीचा राउटर त्याच अटींवर घेतला. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच केंद्रीय ग्राहक कायद्यात आणली. कलम २(४६) अन्वये ग्राहकाचे नुकसान करणारा अवाजवी आकार किंवा अट तीत मोडते. परंतु व्यापारी प्रयोजनासाठी खरेदी करणारा ‘ग्राहक’ नव्हे; म्हणून धाटावच्या कंपनीस हे दार बहुधा बंदच. स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्यास मात्र अपवाद आहे. एकदोन मदतनीस घेतल्याने तो अपवाद नाहीसा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात १९९५ साली सांगितले आहे. मूर्तिकाराचा कारखाना मोठा असेल, तर तोही अडचणीत येईल.

येथे विधिमंडळाने एक विचित्र गोष्ट केली आहे. अनुचित कराराची तक्रार, रक्कम कितीही लहान असो, जिल्हा आयोगापुढे चालत नाही. कलम ४७ प्रमाणे ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. पेणच्या मूर्तिकारास अलिबाग जवळचे; पण काही हजारांच्या करारासाठी त्याने मुंबईच्या आयोगाकडे दाद मागावयाची. तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे, हे खरे. तथापि वकिलाचा खर्च त्यामुळे टळतोच असे नाही. आमच्या मते त्याने कलम २(४१) चा आधार घ्यावा. एक वस्तू वा सेवा मिळण्यासाठी दुसरी घेणे भाग पाडणे ही त्या कलमान्वये ‘निर्बंधक व्यापारी प्रथा’ होय, आणि तिच्याविरुद्धची तक्रार अलिबागलाच चालू शकते. देखभाल-करार घेतल्यावाचून सुरक्षा-सुधारणा न देणे या व्याख्येत बसविता येईल, असे आम्हांस वाटते.

धाटावच्या कंपनीस २००२ चा स्पर्धा कायदा उरतो. तेथे माहिती देणारा ग्राहकच असावा लागत नाही. शमशेर कटारिया प्रकरणात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व दोषनिदानाची साधने स्वतंत्र दुरुस्ती-कामगारांना न देणे, हा त्यांवरील मुख्य ठपका होता. हा आदेश पुढे अपिलांत गेला. परंतु त्यातील विचारसूत्र महत्त्वाचे आहे. मोटारींच्या विक्रीत स्पर्धा असली, तरी एकदा मोटार घेतल्यावर तिच्या सुट्या भागांच्या बाजारपेठेत प्रत्येक कंपनी स्वतःपुरती प्रबळच ठरते. राउटरला हे सूत्र लावावयाचे तर यंत्र बदलण्याचा खर्च, त्यावर बसविलेली इतर व्यवस्था आणि खरेदीच्या वेळी पुढील शुल्काची कल्पना दिली होती की नाही, या गोष्टी कंपनीला पुराव्यानिशी मांडाव्या लागतील.