तांब्याभर पाणी

दिवाळी म्हणजे पाहुण्यांचे दिवस. ठरल्यापेक्षा चार माणसे जास्त आली की आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात गृहिणीची त्रेधा उडते. मग वाचकहो, एखाद्या खेड्यातल्या चर्चच्या अंगणात हजारो पाहुणे एकदम उतरले तर?

श्रीरामपूरजवळच्या हरेगावात हे दरवर्षी घडते. 8 सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिन. त्या सुमारास इथल्या संत तेरेजा चर्चमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ही प्रथा सुरू झाली. नगरकडचे, संभाजीनगरकडचे आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातलेही भाविक गाठोडी बांधून येतात. कुणी नवस फेडायला, कुणी बोलायला. नारळ-मेणबत्त्यांची दुकाने, पाळणे, हरवलेली मुले, सारे आपल्या ओळखीच्या जत्रेसारखेच!

या गर्दीचे यजमान म्हणजे स्वयंसेवक. छातीवर बिल्ला लावलेली कॉलेजातली पोरे, पदर खोचलेल्या बायका. रांगा लावायच्या, म्हाताऱ्यांना हात द्यायचा, पाऊस आला की मुलाबाळांना आडोशाला न्यायचे. भाषणात कोणी यांची नावे घेत नाही.

एका वर्षी मी तिथे होतो. बीडकडची एक थकलेली आजी पाण्याच्या पिंपाशी आली. तांब्या पुढे करीत एका पोराने सहज विचारले, “आजी, कुठल्या तुम्ही?”

आजीचा हात आखडला. “आष्टीकडची हाय, लेकरा,” ती हळूच म्हणाली आणि दोन पावले मागे सरून तिने ओंजळ धरली.

पोराला काही कळेना. तिच्या गावची मंडळी कुठे उतरली आहेत, एवढेच त्याला सांगायचे होते. पण शेजारच्या प्रौढ बाई उमगल्या. त्यांनी तांब्या घेतला, आजीच्या हाती दिला आणि म्हणाल्या, “तोंड लावून प्या, आई.”

या भागातले बहुसंख्य ख्रिस्ती लोक मूळचे महार-मांग वस्त्यांतले. ‘कुठला रे तू?’ या प्रश्नाच्या उत्तरावर पाणी मिळणे न मिळणे ठरायचे, ते दिवस आजीच्या हातांना अजून आठवत होते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायले, तो इतिहास झाला. पण अंगात मुरलेली भीती कायद्याने एका दिवसात जात नाही. धर्म बदलल्यानेही जात नाही.

नव्या करारात आतिथ्यासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा अर्थच मुळी ‘परक्यावरचे प्रेम’ असा आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांना नियम घालून दिला, की येणारा प्रत्येक पाहुणा ख्रिस्तच समजावा. आपल्या वारीच्या वाटेवर वारकऱ्याला ‘माउली’ म्हणून भाकरी वाढणारा शेतकरी तरी वेगळे काय करतो?

त्या पोराची चूक नव्हती. तरी पुढे दिवसभर मी त्याला पाहत होतो. येईल त्याच्या हातात तो आधी तांब्या देई; पाणी पिऊन झाले की मगच गाव विचारी.

यंदा आपल्या दारी कोणी अनोळखी आला, तर एवढा क्रम आपणही पाळू या.