धुराडे काय सांगते?



परवा कामानिमित्त पुण्यास जाताना आम्ही वारज्याला थांबलो. हे मूळचे हवेली तालुक्यातले गाव; आज ते पुणे महापालिकेत आहे आणि महामार्ग त्याच्या अंगावरून धडधडत जातो. तिथे गाडीची पीयूसी करून घेतली. पोराने सायलेन्सरमध्ये नळी घातली, यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा आला. "अरे, याला वायू दिसतो कसा?" आम्ही विचारले. तो म्हणाला, "काका, आत इन्फ्रारेड उजेड असतो. वायू तो पितो. जेवढा पिला तेवढा आकडा."

मनात आले, गाडीची एवढी परीक्षा, मग आपल्या बॉयलरच्या धुराड्याचे काय?

तेच तत्त्व लेसरने अधिक नेमके साधते. धुराड्याच्या एका बाजूने लेसरचा किरण सोडायचा, समोरच्या बाजूला तो पकडायचा. प्रत्येक वायू ठरावीक लहरीच शोषतो. ऑक्सिजनची लहर ७६० नॅनोमीटरच्या आसपास, कार्बन मोनॉक्साइडची सुमारे २.३ मायक्रॉनवर. काजळी सगळाच उजेड अंधुक करते. वायू फक्त आपल्या लहरीपुरता. त्यामुळे दोन्ही वेगळे ओळखता येतात. धूर बाहेर ओढावा लागत नाही आणि आकडा काही सेकंदांत मिळतो. बगॅसच्या धुरात वाफ फार. तरी लेसरची लहर अगदी बारीक असल्याने घोटाळा कमी होतो.

आता यात आपला पैसा कुठे? एक टन उसामागे २८० ते ३०० किलो बगॅस निघतो, त्यात निम्मे पाणी. भट्टीत हवा कमी पडली तर कार्बन अर्धवट जळून मोनॉक्साइड होतो आणि त्या कार्बनची तिसरा हिस्सा उष्णताही हाती लागत नाही. हवा जास्त झाली तर तापलेली हवा धुराड्यातून फुकट जाते. दोन्हीकडून बगॅस जास्त जळतो. वाचलेला बगॅस म्हणजे वीज किंवा विक्री, म्हणजे शेवटी आपलाच पैसा.

दुसरी बाजू गावाची. वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडते, हे आपण सगळे जाणतो. २०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने साखर कारखान्यांसह १७ प्रकारच्या उद्योगांना सतत मोजणारी यंत्रे बसवण्याचे निर्देश दिले. २०१६ च्या नियमांत साखर कारखान्यांच्या धुराड्यातील कणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम ठरली. पण हे कण वायूच्या लेसरने मोजत नाहीत. त्याला वेगळे यंत्र लागते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. यंत्राच्या काचेवर राख बसली, तपासणी चुकली, की आकड्याचा भरवसा गेला. काट्यावर आपण जसे वजन डोळ्यांनी बघतो, तसेच इथेही. वार्षिक सभेत ऊसदराबरोबर हेही विचारा: धुराड्यावर काय मोजतात, यंत्र शेवटचे कधी तपासले, आकडे कुठे पाहायला मिळतील?

धूर कारखान्याचा असला तरी जळतो तो आपलाच ऊस.