तुमच्या फोनचा कर्नल कोणत्या घडणीचा?

यवतमाळात कापसाचे भाव दाखवणारा अँड्रॉइड फोन आणि सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली, दोन्हींच्या गाभ्यात लिनक्स कर्नलच! मंडळी, कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि त्याच्या मुख्य घडणी तीन 👇

🔹 मोनोलिथिक (लिनक्स, १९९१): ड्रायव्हर, फाइल सिस्टिम, नेटवर्क सगळं कर्नलच्याच मेमरीत. वेग उत्तम, पण एक ड्रायव्हर बिघडला तर अख्खी यंत्रणा कोसळू शकते.

🔹 मायक्रोकर्नल (मिनिक्स ३, क्यूएनएक्स): गाभ्यात मोजकीच कामं, बाकी सेवा बाहेर स्वतंत्र चालतात. पडलेला ड्रायव्हर पुन्हा सुरू करता येतो. मात्र संदेशांच्या देवाणघेवाणीत वेळ जातो.

🔹 हायब्रिड (विंडोज एनटी, आयफोनचा एक्सएनयू): दोन्हींचा मेळ.

१९९२ मध्ये मिनिक्सचे निर्माते टॅनेनबॉम आणि लिनक्सचे निर्माते टोरवाल्ड्स यांच्यात ‘मोनोलिथिक की मायक्रोकर्नल’ यावरूनच गाजलेला वाद झाला. इंजिनिअरिंगच्या पोरांनो, तो जरूर वाचा!