'झुंड': मॅच संपते, खरा पिक्चर तिथून सुरू होतो

आजचा प्रश्न सोपा आहे. स्पोर्ट्स पिक्चरमध्ये शेवटी कोण जिंकणार हे पोस्टर बघूनच कळतं, तरी आपण तीन तास का बसतो?

नागराज मंजुळेंचा 'झुंड' घ्या. ४ मार्च २०२२ ला आलेला. गोष्ट आपल्या शेजारच्या नागपूरची, म्हणून वर्ध्यात बसून बघताना त्यातली बोली शिकावी लागत नाही. अमिताभ बच्चन यांचं पात्र विजय बारसे सरांवर बेतलंय. सर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवायचे. पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं त्यांना दिसली आणि २००१ मध्ये 'स्लम सॉकर' सुरू झालं.

आता गंमत बघा. नेहमीच्या फॉर्म्युल्यात झोपडपट्टी विरुद्ध कॉलेज ही मॅच शेवटी आली असती. इथे ती मध्यंतराच्या आसपासच उरकते. मग उरलेल्या पिक्चरमध्ये काय? कागदपत्रं! परदेशी स्पर्धेला जायचं तर पासपोर्ट पाहिजे. पासपोर्टला ओळखीचा पुरावा पाहिजे. तोच नाही. रिंकू राजगुरूचं पात्र आणि तिचा बाप एका कागदासाठी वणवण फिरतात.

मी रोज फॉर्मचा कोड लिहितो. एखाद्या रकान्यापुढे लाल चांदणी टाकायला मला दोन सेकंद लागतात. पण ज्याच्याकडे तो कागदच नाही, त्याच्यासाठी ती चांदणी म्हणजे भिंत. पिक्चरमध्ये कॉलेज आणि वस्तीच्या मध्ये खरीच भिंत आहे, आणि शेवटी विमान वरून जातं तेव्हाही ती उभीच असते.

१९७६ चा 'द बॅड न्यूज बेअर्स' नावाचा अमेरिकन बेसबॉल पिक्चर आहे. त्यातली वाया गेलेली पोरं फायनल हरतात, तरी लोक तो आजही बघतात. बेसबॉलचे नियम आपल्याला कुठे येतात? पण टीममध्ये कोणी घेत नसलेलं पोरगं आपण लगेच ओळखतो. गल्लीत, शाळेत, कधी कधी आरशात.

म्हणजे आपण निकालासाठी बसतच नाही भाऊ. ज्याला मैदानात पायही ठेवू देत नाहीत, तो आत कसा शिरतो, हे बघायला बसतो. 'झुंड' त्यापुढे एक पाऊल टाकतो आणि विचारतो, दाराला कुलूप लावलं कोणी?

बघितला नसेल तर बघा. आणि शेवटची ती भिंत दिसेपर्यंत मोबाइल खाली ठेवा!