पत्रकाचं आयुष्य

नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या 40 गावांचा विषय काढला आणि मुंबईपर्यंत धुरळा उडाला. आधार होता गावांच्या जुन्या ठरावांचा: पाणी मिळत नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. ते ठराव 2012 चे आहेत, नवे नाहीत, असं देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं. दोन राज्यं दहा वर्षांपूर्वीच्या कागदांवरून भांडत होती. आमच्या संपादकांना त्यात भांडणापेक्षा कागद महत्त्वाचा वाटला. असले कागद सांभाळतं कोण, ते बघा म्हणाले.

जतचा दरबारी इतिहास चार ओळींत उरकतो. डफळ्यांचं संस्थान, सातारा जहागिरींपैकी एक. 1917 मध्ये डफळापूर त्यात आलं, 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, तालुका दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. संस्थानाला दफ्तर होतं, दफ्तराला कारकून होता, त्यामुळे राजाचे कागद शोधायला निदान वाट असते. चळवळ करणाऱ्याला कारकून नसतो.

याच तालुक्यातल्या सिंदूरचा लक्ष्मण इंग्रजांविरुद्ध उठला. त्याची गोष्ट कन्नड नाटकांनी आणि पुढे सिनेमाने सांभाळली. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तऱ्हा वेगळी. भूमिगत माणूस कागद मागे ठेवत नाही, कारण सापडला की तो पुरावा होतो. मग अभ्यासकाला पोलिसांच्या फायली उघडाव्या लागतात, म्हणजे चळवळ वाचायची ती तिला पकडायला निघालेल्यांच्या डोळ्यांनी.

मोठ्या नावांची सोय होते, पण तीही बहुधा गाव सोडून. नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या दफ्तरातले कागद दत्तात्रय बळवंत पारसनीसांच्या संग्रहात आले. साताऱ्यात त्यासाठी संग्रहालय उभं राहिलं आणि 1939 मध्ये तो ठेवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. राजर्षी शाहू महाराजांचे कागद शिवाजी विद्यापीठाने खंडांमध्ये छापले. कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात यशवंतरावांची पुस्तकं आहेत. तालुक्याच्या पातळीवर आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्याला यातलं काहीच लाभत नाही.

माझा पाय अडकला तो एका संग्रहातल्या दुरुस्तीच्या टेबलापाशी. तिथला कामगार आधी मऊ ब्रशने धूळ काढतो आणि पेन्सिलीने पानावर क्रमांक घालतो. मग ओल्या कापसाचा बोळा एखाद्या अनुस्वारावर हलकेच टेकवतो. शाई बोळ्याला लागली तर पान पाण्यात घालायचं नाही. टिकली तर चुन्याच्या निवळीत बुडवून कागदातली आम्लता मारायची, वाळवायचं, दोन्ही बाजूंनी पातळ टिश्यू लावून खळीचा हात फिरवायचा आणि दाबाखाली ठेवायचं. खळीत मोरचूद असतो, नाहीतर कसर तीच खाते. एका पानाला घाई केली की ते पान गेलं, हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

खरं नवल पुढे होतं. त्याला मोडीतल्या रुमालांची, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या गठ्ठ्यांची, फारशी काळजी नाही. तो कागद चिंध्यांच्या लगद्याचा, शाई काजळीची. अडीचशे वर्षांनंतरही अक्षर काळंभोर. त्याला धास्ती आहे ती 1972 च्या दुष्काळातल्या पत्रकाची. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, सायक्लोस्टाइलची फिकट अक्षरं, कोपऱ्यात गंजलेली टाचणी. घडी उघडताना पान घडीवरच तुटतं. त्यानंतरचा फॅक्स तर उन्हाशिवायही कोरा होतो. सगळ्यांत मोठं नुकसान मात्र मायेनं होतं: फाटलेल्या पत्राला सेलोटेप लावलेला असतो, नाहीतर बाबांची आठवण म्हणून मुलानं ते लॅमिनेट करून आणलेलं असतं. आता त्या पत्राला हातच लावता येत नाही.

काळ जितका जवळचा, तितका कागद अल्पायुषी. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि पुढे तिचा कायदा झाला. तो कायदा कुठेही वाचायला मिळेल. पण जतच्या माळावर खडी फोडणाऱ्यांची हजेरीपत्रकं, मजुरी थकली म्हणून दिलेली निवेदनं, मोर्चाच्या वर्गणीची पावतीपुस्तकं यांच्याशिवाय तो कायदा माणसांपर्यंत कसा पोहोचला हे कळणार नाही.

अडचणींना तोटा नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 सरकारी दफ्तरासाठी आहे. कार्यकर्त्याच्या ट्रंकेवर त्याचा अंमल नाही. घरचे सहसा कागद देत नाहीत, आणि त्यांचंही चुकत नाही. त्या गठ्ठ्यात उसनवारीच्या चिठ्ठ्या असतात, पक्षातल्याच कोणाची उणीदुणी असतात, आणि नातू आता पंचायत समितीला उभा असतो. अमुक पत्रं वीस वर्षं उघडायची नाहीत, असं दानपत्रात लिहून देता येतं, हे त्यांना सांगायला कोणी गेलेलं नसतं. मग घर पाडताना ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते.

स्कॅनिंगने सगळं सुटेल असं मानणारेही भेटतात. स्कॅन केलेल्या हजार पानांना यादी नसेल तर ती हार्ड डिस्क म्हणजे कुलूपबंद खोली. शिवाय अलीकडचं आंदोलन कागदावर राहिलेलंच नाही. म्हैसाळ योजनेच्या पाण्यासाठीच्या बैठका व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतात, आणि फोन बदलला की बैठकीचा निरोप, हजर माणसांचे फोटो, झालेली बाचाबाची सगळंच जातं.

त्यात जतचे कागद दोन भाषांतले. निवेदन मराठीत, गावातलं पत्र कन्नडमध्ये, सही तिसऱ्याच वळणाची. मराठी संग्रह कन्नड पान बाजूला ठेवणार आणि कर्नाटकातल्या विजयपूरकडचा संग्रह मराठी. एकाच माणसाची ट्रंक अशी दोन राज्यांत फाटायला नको असेल तर यादी इथेच, तालुक्याच्या ग्रंथालयात व्हायला हवी. तिला मोठं यंत्र लागत नाही. दोन्ही भाषा वाचणारा, गावचे गट-तट माहीत असलेला आणि तोंड बंद ठेवणारा माणूस लागतो. जतमध्ये असा माणूस शोधायला लांब जावं लागणार नाही. त्याचा पगार कोणाच्या खात्यातून काढायचा, यावर मात्र आजवर एकाही गावाने ठराव केल्याचं ऐकिवात नाही.